लिनक्सवर प्रिंटर जोडताय? ड्रायव्हर शोधायच्या आधी हे बघा

माझा पहिला प्रिंटर लिनक्सवर चालू करताना मी दोन संध्याकाळी नुसता ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला त्या प्रिंटरशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम, शोधत बसले होते. शेवटी जो सापडला तो भलत्याच मॉडेलचा निघाला, आणि प्रिंटरने वीसेक कागदांवर अगम्य चिन्हं छापून टाकली. त्यानंतर मी मैत्रिणींचे, नातेवाइकांचे बरेच प्रिंटर जोडून दिले. आता माझा क्रम ठरलेला आहे.

सगळ्यात आधी प्रिंटरच्या खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेत ‘एअरप्रिंट’ हा शब्द आहे का ते बघा. विनाड्रायव्हर छापायची ही सोय ॲपलने २०१० साली आणली, पण तिच्या मुळाशी आयपीपी ही संगणक आणि प्रिंटरमधली खुली भाषा आहे आणि लिनक्सवर छपाई सांभाळणारं ‘कप्स’ तीच भाषा बोलतं. शब्द सापडला तर वेगळा ड्रायव्हर बहुधा लागतच नाही. प्रिंटरच्याच पडद्यावरून तो वायफायला जोडा, संगणकाच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स’ उघडा आणि थोडं थांबा. बहुतेकदा तो आपणहून यादीत येतो. नाही आला, तर संगणक आणि प्रिंटर एकाच नेटवर्कवर आहेत ना ते तपासा. राउटरचं ‘गेस्ट’ वायफाय आतल्या यंत्रांना एकमेकांशी सहसा बोलू देत नाही, आणि मला सर्वांत जास्त वेळा आढळलेलं कारण हेच आहे.

यूएसबी केबलने जोडणार असाल तर हीच आयपीपी भाषा केबलवरून बोलू देणारं ‘आयपीपी-यूएसबी’ (ipp-usb) हे पॅकेज बसवलेलं आहे का बघा. प्रिंटरला ही सोय असेल तर केबलवरूनही तो विनाड्रायव्हर चालतो.

जुन्या यंत्रांची गोष्ट वेगळी. एचपीचा असेल तर ‘एचपीलिप’ (HPLIP) हा एचपीचाच लिनक्ससाठीचा प्रोग्राम बसवा. लेझरजेट १०२० सारख्या प्रिंटरना दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे स्वतःला चालवणारा प्रोग्राम, घ्यावं लागतं, म्हणून त्यांच्यासाठी एचपीलिपचं प्लगइन, म्हणजे वेगळा जोडायचा भागही हवा. इतर कंपन्यांसाठी आधी ‘ओपनप्रिंटिंग’ या संकेतस्थळावरच्या लिनक्सवर चालणाऱ्या प्रिंटरच्या यादीत मॉडेल शोधा. जमलं तर खरेदीच्या आधीच शोधा, कळकळीने सांगते.

प्रिंटर दिसला की लगेच छापू नका. कागदाचा आकार बघा. तिथे ‘लेटर’ असेल तर तो ‘ए४’ करा. लेटर २७९ मिलिमीटर लांब, ए४ २९७. वडिलांच्या एका अर्जाची शेवटची ओळ या अठरा मिलिमीटरपायी छापलीच गेली नव्हती, आणि ते अर्ध्या रस्त्यातून परत आले. तेव्हापासून मी हे पहिल्यांदा तपासते.

पुढे कधी छपाई अडकली, तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:६३१ (localhost:631) हा पत्ता टाका. हे कप्सचं स्वतःचं पान, इंटरनेटशिवायही उघडतं. काही बदलताना पासवर्ड मागेल, तो तुमचाच लॉगिनचा द्या. डेबियन किंवा उबुंटूवर तो नाकारला, तर तुमचं खातं ‘एलपीॲडमिन’ (lpadmin) या प्रिंटरच्या सेटिंग्ज बदलायची परवानगी असलेल्या गटात नाही असं समजा. ‘प्रिंटर्स’मध्ये आपल्या यंत्रासमोर ‘पॉज्ड’ दिसेल. कागद संपला किंवा मध्येच वीज गेली की रांग अशी थांबून राहू शकते आणि कागद भरला तरी हलत नाही. आधी अडकलेलं काम रद्द करा, मग ‘मेंटेनन्स’मधून ‘रिझ्यूम प्रिंटर’ निवडा.

हे वारंवार होत असेल तर ‘ॲडमिनिस्ट्रेशन’मधल्या ‘सेट डिफॉल्ट ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘पॉलिसीज’खाली एरर पॉलिसी ‘रिट्राय-करंट-जॉब’, म्हणजे अडलेलं काम पुन्हा करून बघ, अशी करा. वडिलांच्या संगणकावर मी हेच केलं. आता कागद संपला की ते नवा भरतात, आणि राहिलेली पानं येतात.