रब्बी ज्वारी : रानातली ओल उधळणाऱ्या चुका

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पावसावर नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर चार महिने काढते. तिथं फसतं ते बहुतेक ही ओल उधळल्यामुळे.

पेरणीचा काळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येऊनही "अजून एक पाऊस होऊ दे" म्हणत बसलं, की दाणा भरायच्या वेळी रान भेगाळलेलं सापडतं. फार घाईही नको. सप्टेंबरच्या सुरुवातीच्या पेऱ्यावर खोडमाशी तुटून पडते. मधला सुकलेला पोंगा ओढून बघा. अलगद हातात आला आणि बुडाला कुजका वास आला, तर तीच.

एकरी ४ किलो बी पुरे. चाड्यावरची, म्हणजे पाभरीत बी सोडायच्या तोंडावरची, मूठ सैल सुटली की रान हिरवंगार दिसतं, शेजारी कौतुकही करतात, पण ओल पिणारी तोंडं दुप्पट होतात. दोन आठवड्यांनी विरळणी करून रोपांत १५ सेंटिमीटर अंतर राखा. उपटायला जीव होत नाही, हे मला मान्य आहे!

दाट पेऱ्याची फेड होते खडखड्या रोगात. दाणे भरताना धाटं बुडातून मोडून लोळतात. असं धाट चिरलं तर गर गेलेला, नुसत्या दोऱ्या उरलेल्या आणि त्यांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके. तेव्हा फवारणीला पैसे घालू नका. आधीच कोळपून भेगा बुजवा, आणि विहिरीत पाणी असेल तर पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी, एक पाणी द्या.

दाण्याच्या जागी काळी भुकटी करणाऱ्या काणी रोगासाठी पेरणीआधी किलोभर बियाला ४ ग्रॅम गंधक चोळणं स्वस्तातलं काम, तरी राहून जातं.

चाऱ्याच्या ज्वारीतली चूक मात्र जनावराच्या जिवावर येते. आमची गाय एकदा कापणीनंतर फुटलेल्या वीतभर फुटव्यांत शिरली. थोड्याच वेळात धापा टाकत, तोंडाला फेस येऊन बसली. किराळ लागली होती. कोवळ्या, पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत असं द्रव्य असतं, की पोटात गेल्यावर त्याचं सायनाइड हे जहाल विष होतं. डॉक्टर शेजारच्या वस्तीवरच होते, शिरेतून इंजेक्शन दिलं म्हणून वाचली. वैरण निम्मी फुलोऱ्यात आल्यावरच कापा. कोवळी कापावीच लागली तर नीट वाळवून घाला.

आता कापलेल्या तुकड्याच्या तोंडाशी आम्ही बाभळीची फांदी आडवी टाकतो.