गाळातील पीएएच: एकूण आकड्याने घेतलेले माझे एक वर्ष

हवेतील आणि नदीच्या गाळातील बहुवलयी अरोमॅटिक हायड्रोकार्बनांच्या, म्हणजे अर्धवट ज्वलनातून आणि खनिज तेलातून येणाऱ्या पीएएचच्या, विषारीपणावर नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. नेहमी मोजल्या जाणाऱ्या सोळा प्राधान्य पीएएच संयुगांची यादी, अर्क काढण्याच्या पद्धती आणि जीसी-एमएसची (संयुगे वेगळी करून ओळखणाऱ्या उपकरणाची) ओळख तुम्हाला आहे असे मी धरून चालते. ज्या एका चुकीने माझे पीएचडीचे दुसरे वर्ष संपवले, तिच्याबद्दल मात्र सविस्तर सांगणार आहे, कारण ती चूक आजही माझ्या नंतर आलेल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये दिसते.

माझ्याकडे नदीच्या गाळाचे बारा नमुने होते. कोरड्या वजनावर काढलेल्या एकूण पीएएचनुसार मी त्यांची क्रमवारी लावली आणि अ‍ॅम्फिपॉडवरची (गाळात राहणाऱ्या कोळंबीसारख्या छोट्या प्राण्यांवरची) दहा दिवसांची चाचणी हीच क्रमवारी दाखवील असे गृहीत धरले. प्रत्यक्षात सर्वाधिक पीएएच असलेल्या नमुन्यातील बहुतेक प्राणी जिवंत राहिले आणि यादीत मध्यावर असलेल्या एका वाळूमिश्रित नमुन्यातील निम्म्याहून अधिक मेले. मी चाचणी दोनदा पुन्हा केली, अर्काची रिकव्हरी (गाळातले किती पीएएच अर्कात उतरतात ते) तपासली, अमोनिया आणि सल्फाइड मोजले, आणि या सगळ्यांत कुठेच दोष सापडेना तेव्हा स्वतःच्या हातावरचा विश्वास गमावून बसले.

दोष मोजमापात नव्हता, भागाकारात होता. पीएएच पाण्यात राहू इच्छित नाहीत, ते गाळातील सेंद्रिय कार्बनाला धरून बसतात, आणि प्राण्याला बाधतो तो मुख्यतः कणांमधल्या पाण्यात सुटलेला अंश. समजा, एका गाळात किलोमागे २० मिलिग्रॅम पीएएच आणि ५ टक्के सेंद्रिय कार्बन आहे, आणि दुसऱ्यात १० मिलिग्रॅम पीएएच पण कार्बन केवळ अर्धा टक्का आहे. कार्बनाच्या किलोमागे मोजल्यास पहिल्यात ४०० आणि दुसऱ्यात २००० मिलिग्रॅम पडतात, म्हणजे निम्मा प्रदूषित वाटणारा गाळ प्राण्याच्या दृष्टीने पाचपट जड ठरतो. माझा वाळूमिश्रित नमुना नेमका असाच होता. त्यातही एक पायरी पुढे जा: पीएएच काजळीच्या कणांना धरून असतील, तर ती पकड साध्या सेंद्रिय कार्बनाच्या दहा ते शंभरपट घट्ट असू शकते. ज्या गाळात ज्वलनातून आलेली काजळी भरपूर आहे, तिथे कार्बनाचा भागाकारसुद्धा धोका जास्त दाखवतो. म्हणून शक्य असेल तिथे पॉलिइथिलीन किंवा पॉलिऑक्सिमिथिलीनचे निष्क्रिय शोषक, म्हणजे मुक्त पीएएच आपोआप शोषून घेणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, गाळात मुरू द्या आणि पाण्यातील मुक्त अंश थेट मोजा. त्याला काही आठवडे लागतात, पण ते द्या.

दुसरी चूक याच चुकीच्या पोटातली. एकूण आकडा फसल्यावर मी निस्बेट आणि लागॉय यांची १९९२ सालची विषसमतुल्यतेची गुणांकसारणी, म्हणजे प्रत्येक संयुग बेंझो-ए-पायरीनच्या तुलनेत किती विषारी ते सांगणारी, घेतली आणि प्रत्येक संयुगाला गुणले. त्या सारणीत बेंझो-ए-पायरीनला १ आणि फेनान्थ्रीनला ०.००१ आहे, पण ती कर्करोगजन्यतेची सारणी आहे. बेंझो-ए-पायरीन पेशीतील एन्झाइमांमुळे डायॉल-इपॉक्साइड या अतिक्रियाशील रूपात बदलते आणि डीएनएतील ग्वानिन या घटकाला चिकटते. हे नुकसान हळूहळू साचते. दहा दिवसांत मरणाऱ्या अ‍ॅम्फिपॉडचे कारण वेगळे असते: पेशीपटलात साचलेल्या सर्व पीएएचची मिळून होणारी गुंगी, जिच्यात फेनान्थ्रीनसारखी हलकी संयुगेही पूर्ण वजनाने मोजावी लागतात. तयार एक्सेल शीटमध्ये आकडे टाकून समतुल्यता काढण्याच्या सवयीबद्दल माझे मत कठोर आहे. ती शीट कोणत्या परिणामासाठी बनली आहे हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ती उघडू नका.

हवेचे काम करणाऱ्यांनाही हाच सापळा वेगळ्या रूपात भेटतो. केवळ गाळणकागद लावला, तर कणांवरची जड संयुगे हाती येतात, पण नॅप्थॅलीन आणि बराचसा फेनान्थ्रीन वायुरूपात निघून जातो. त्यासाठी मागे फोम किंवा रेझिन हवेच. शिवाय ओझोन गाळणकागदावर साठलेले बेंझो-ए-पायरीन खातो, त्यामुळे लांबलेल्या नमुन्यात ते खरे होते त्याहून कमी दिसू शकते.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. अँथ्रासीन, पायरीन, फ्लुओरँथीन यांचे विष अतिनील प्रकाशात अनेकपटींनी वाढते, आणि प्रयोगशाळेतील साध्या दिव्यांखाली ते दिसत नाही. माशाच्या मांसात पीएएच कमी आढळले म्हणून मासा सुरक्षित राहिला असेही समजू नका. मासे ही संयुगे झपाट्याने बदलतात, त्यामुळे त्यांची खूण पित्तात शोधावी लागते.

मार्गदर्शकाविषयी एवढेच सांगते. माझी अडचण ज्यांनी सोडवली, त्यांनी एकही शोधनिबंध हाती दिला नाही. त्यांनी फक्त विचारले, "सेंद्रिय कार्बन मोजला आहेस का?" मी मोजला नव्हता. असा प्रश्न विचारणारी व्यक्ती तुमच्या विभागात असेल, तर ती कितीही व्यग्र असली तरी तिच्याकडे जा. तुमचे आकडे चाचणीशी जुळत नसतील तर तुम्ही अक्षम आहात असे अजिबात नाही. या विषयात न जुळणे हीच बहुधा पहिली खरी माहिती असते, आणि मला ती ओळखायला वर्ष लागले.

उद्या नमुना आणाल तेव्हा ओला गाळ ढवळून एकजीव झाल्याबरोबर त्याचे चार वाटे करा: एक पीएएचसाठी, एक सेंद्रिय कार्बन आणि काजळीसाठी, एक कणांच्या आकारासाठी, आणि चौथा, चाचणीचा, न गोठवता चार अंशांवर अंधारात ठेवण्यासाठी. मी पहिला वाटा तेवढा केला होता. उरलेला गाळ गोठवला गेला, तो चाचणीसाठी निकामी झाला, आणि पुन्हा नदीवर जावे लागले तेव्हा पुराने तो थर वाहून नेला होता.