लांब उडीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा: रनअप, फळी आणि सहा उड्यांची आखणी

२०२१ मध्ये नैरोबीत झालेल्या २० वर्षांखालील जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत भारताच्या शैली सिंगची सर्वोत्तम उडी ६.५९ मीटर होती आणि स्वीडनच्या माया आस्कागची ६.६०. सुवर्ण आणि रौप्य यांच्यात एक सेंटीमीटर. लांब उडीचे अंतर पाय जिथून सुटला तिथून मोजत नाहीत, टेक-ऑफच्या रेषेपासून, म्हणजे जिच्यावरून उडी घेतात त्या फळीच्या पुढच्या कडेपासून मोजतात. म्हणून रेषेमागे राहिलेला प्रत्येक सेंटीमीटर वाया जातो, आणि बूट रेषेपुढे जरासा गेला तरी अख्खी उडी जाते. हवेत हँग करायचे (अंग ताणून लटकल्यासारखे राहायचे) की हिच-किक (हवेत चालल्यासारखे पाय चालवायचे), हा प्रश्न सरावातच मिटवून यावा. स्पर्धेच्या दिवशी सगळे लक्ष रनअपवर, म्हणजे उडीआधीच्या धावेवर हवे.

रनअप टेपनेच मोजा

वरिष्ठ महिलांचा रनअप साधारण १६ ते २० पावलांचा, म्हणजे ३५ ते ४५ मीटरच्या आसपास असतो. वहीत दोन आकडे लिहून ठेवा: सुरुवातीच्या खुणेपासून रेषेपर्यंतचे अंतर, आणि शेवटची सहा पावले उरतात तिथपासून रेषेपर्यंतचे अंतर. दुसरा आकडा प्रशिक्षकासाठी असतो आणि स्पर्धेत तोच जास्त कामाला येतो.

बालेवाडीच्या ट्रॅकवर बसवलेला रनअप दुसऱ्या ट्रॅकवर जसाच्या तसा बसेलच असे नाही. ट्रॅक कडक असला, की पाऊल लांब पडते आणि फळी लवकर येते. त्यात प्रेक्षकांच्या आवाजाने सुरुवातीची पावले जोरात पडतात. म्हणून स्पर्धेआधी मिळणाऱ्या सरावाच्या धावा पूर्ण वेगाने घ्या. हळू धावून जुळवलेली खूण पहिल्याच उडीत फाऊल देते. रनवेवर खडूने खूण करता येत नाही. आयोजकांनी दिलेले मार्कर रनवेच्या कडेला ठेवायचे, जास्तीत जास्त दोन.

कॉल रूममध्ये

मैदानात जाण्याआधी खेळाडूंना जिथे जमवतात त्या या खोलीत स्पाइक्सचे खिळे (सिंथेटिक ट्रॅकवर ९ मिलिमीटरपर्यंत) आणि बुटांच्या तळाची जाडी (२० मिलिमीटरपर्यंत) तपासली जाते. फोन आत नेता येत नाही. उडीच्या प्रकारांत छातीवर किंवा पाठीवर एकच क्रमांक लावण्याची मुभा असते. तो छातीवर लावा आणि चारही कोपरे घट्ट पिन करा. २०१७ च्या लंडन जागतिक स्पर्धेत सर्बियाच्या इवाना श्पानोविचची शेवटची उडी ६.९१ मोजली गेली. तिच्या पाठीवरचा सुटलेला क्रमांक वाळूला लागला का, यावरून बराच वाद झाला. संघाची तक्रार फेटाळली गेली आणि ती ६.९६ वर चौथी राहिली.

पात्रता फेरी

इथे फक्त तीन उड्या मिळतात. ठरलेले अंतर गाठले की थेट प्रवेश, नाहीतर पहिल्या बारांत यावे लागते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) ते अंतर ६.७५ होते. पहिल्या उडीसाठी सुरुवातीची खूण दहा-पंधरा सेंटीमीटर मागे घ्या आणि एक वैध उडी नोंदवून टाका. पहिलाच फाऊल झाला, की दुसऱ्या उडीत खेळाडू फळी शोधत धावते, वेग पडतो आणि उडी आखूड होते. पात्रतेचे अंतर गाठले की उरलेल्या उड्या घेता येत नाहीत, पाय अंतिम फेरीसाठी राखले जातात.

फाऊल का झाला, ते आधी ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आठ सेंटीमीटरने फाऊल झाला म्हणून खूण आठ सेंटीमीटर मागे नेणे हा घाईचा उपाय आहे. आधी प्रशिक्षकाने सहा पावलांच्या खुणेवर काय पाहिले ते विचारा. पाय तिथेच पुढे पडला असेल, तर चूक सुरुवातीच्या टप्प्यात आहे आणि खूण तेवढी मागे न्यायला हवी. तिथे पाय बरोबर पडूनही फाऊल झाला असेल, तर शेवटच्या पावलांत फळीकडे पाय लांबवला गेला आहे. अशा वेळी खूण हलवली, तर पुढच्या वेळी फळीपर्यंत पोहोचायला पाय आणखी ताणला जातो. खूण तशीच ठेवा, नजर फळीवरून उचलून खड्ड्याच्या पलीकडे ठेवा. शेवटून दुसरे पाऊल थोडे लांब आणि शेवटचे आखूड, झटपट, ही लय मोडली की वेग उंचीत बदलत नाही.

वारा बदलला, तर मात्र आपणहून खूण हलवावी लागते. पाठीमागून वारा आला तर एक बूटभर मागे, समोरून आला तर तेवढीच पुढे. सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त अनुकूल वारा असेल तर विक्रम धरत नाहीत, क्रमवारीत मात्र ती उडी पूर्ण धरतात. त्यामुळे तसा वारा आला तर त्याचा फायदा घ्या.

नोव्हेंबर २०२१ पासून बुटाचे टोक रेषेवर सरळ उभ्या कल्पिलेल्या पातळीपुढे (हवेतसुद्धा) गेले, की फाऊल धरतात. त्याआधी पायाने जमिनीवर रेषेपलीकडे स्पर्श होणे लागायचे. जुन्या सवयीने फळीच्या अगदी टोकावर पाय टाकणाऱ्यांनी दोन-तीन सेंटीमीटर राखून धावावे.

घड्याळ आणि उड्यांचा क्रम

एका उडीसाठी एक मिनिट मिळतो. १५ सेकंद उरले की पिवळा झेंडा दिसतो. वेळ संपण्याआधी धाव सुरू झाली असेल तर उडी धरली जाते, म्हणून त्या मिनिटात समोरचा वारा पडेपर्यंत थांबता येते. धाव बिघडली तर थांबून परत या, मात्र रेषा ओलांडू नका. नुसते धावत पुढे गेले तरी फाऊल होतो.

तीन उड्यांनंतर सहसा पहिल्या आठ जणींना आणखी तीन उड्या मिळतात. त्या स्पर्धेची नेमकी रचना तांत्रिक बैठकीत तपासा. बारा जणींच्या फेरीत दोन उड्यांमध्ये पंधरा मिनिटे सहज जातात. बसून राहू नका, ट्रॅकसूट घाला आणि नाव येण्याआधी दोन-तीन छोट्या वेगवान धावा घ्या. प्रशिक्षकाच्या हातातला व्हिडिओ कठड्यापाशी पाहता येतो, उपकरण आत आणता येत नाही.

पदक निश्चित वाटले तरी बाकीच्या उड्या गंभीरपणे घ्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये मलाइका मिहाम्बोने सहाव्या उडीत ७.०० मीटर गाठून सुवर्ण घेतले. त्याच अंतिम फेरीत ब्रिटनी रीस आणि एसे ब्रूमे दोघींची सर्वोत्तम उडी ६.९७ होती. अशा वेळी दुसरी सर्वोत्तम उडी पाहतात. रीसची ६.९५ होती, म्हणून रौप्य तिला आणि कांस्य ब्रूमेला मिळाले.

फाऊलचा लाल झेंडा चुकीचा वाटला, तर लगेच, वाळू सारखी करण्याआधी, पंचांकडे तोंडी आक्षेप नोंदवा. शंका असेल तर रेफरी ती उडी मोजून ठेवायला सांगू शकतात. एकदा वाळूवर फावडे फिरले, की मोजायला खूणच उरत नाही. खड्ड्यातून बाहेर येताना पाय उडीच्या खुणेपेक्षा पुढच्या बाजूने काढा. मागून चालत आलात, तर वैध उडीसुद्धा फाऊल ठरते.