रोपांसाठी ठेवलेलं बी ना उन्हात, ना फ्रिजमध्ये

मे सरत आला की जांभळाखाली सडा पडतो, रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सोलं-आगळाची गडबड सुरू होते आणि पडवीत आठळ्यांचा, म्हणजे फणसाच्या बियांचा, ढीग साठतो. रोपं करायची असतील तर हेच दिवस.

भात, नाचणी, मूग यांचं बियाणं आपण कडक उन्हात वाळवतो, त्यामुळे हे बीसुद्धा धुऊन अंगणात पसरायची सवय असते. फणस, जांभूळ, कोकम ही सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यातली झाडं. त्यांचं बी ओलंच गळतं आणि दाट सावलीत, ओल्या पाचोळ्यात, पंचवीस-तीस अंशांच्या उबेत लगेच रुजायला लागतं. सुकलं की मेलं. गारठाही सोसत नाही, त्याचा जीव आतल्या आत जातो. मी एकदा निवडक आठळ्या डब्यात भरून पंधरा दिवस फ्रिजमध्ये ठेवल्या. दिसायला टवटवीत होत्या, पण एकही उगवली नाही. पावसाळ्यात भाजीला टिकवलेली आठळीही रोपासाठी धरू नका.

फळ फोडल्यावर गर नीट धुऊन काढा, नाहीतर बुरशी धरते. दोन-चार दिवसांत पेरा. थांबावंच लागलं तर दमट वाळूत, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. जांभळाचं बी तर तसंही फार दिवस दम धरत नाही.

खरी चूक पुढे होते. काळ्या पिशव्या भरून उघड्यावर मांडल्या, तर मेच्या दुपारी आतली माती चाळीस अंशांच्या वर जाते. दुपारी दोनला पिशवीत बोट खुपसून बघा. चटका बसला तर बी शिजतंय. पिशव्या आंब्याच्या सावलीत किंवा झावळ्यांच्या मांडवाखाली ठेवा, पाणी सकाळ-संध्याकाळ द्या. पाऊस लागला की उष्णता आपोआप उतरते, मग फक्त तळाची भोकं मोकळी आहेत ना ते पाहायचं.

जांभूळ पंधरवड्यात वर येतं. एका बीतून दोन-तीन कोंब निघाले तर जोमदार तेवढा राखा. फणसाला दोन ते चार आठवडे लागतात. कोकम सगळ्यांत आळशी, महिना उलटला तरी पिशवी ओतू नका. शंका आली तर एखादं बी उकरून कापा. आत घट्ट गर असेल तर वाट बघा, तपकिरी आणि मऊ असेल तर गेलं.

आणि कोकमाची बियांची रोपं जवळपास निम्मी नर निघतात. फळं हवी असतील तर मादी झाडाचं कलमच लावा, बियांची रोपं कलम बांधायच्या खुंटाला वापरा.