‘इश्यू’ म्हणजे मूल: नव्या भाषांतरकारांसाठी थोडं

कोर्टाचे कागद आणि आरोग्याच्या प्रश्नावल्या मराठीत आणणं हे माझं पोटापाण्याचं काम. अवघड शब्द आला की आपण कोश उघडतोच. घात होतो शाळेपासून ओळखीच्या शब्दांवर. एका वारसाच्या प्रकरणात ‘डाइड विदाउट इश्यू’ होतं. मी बिनधास्त लिहिलं, ‘कोणतीही तक्रार न करता वारले’. वकीलसाहेब म्हणाले, “अहो बाई, मूलबाळ नव्हतं त्यांना!” लग्नाच्या जाहिरातीत ‘इश्यूलेस’ शंभरदा वाचूनही माझी ट्यूब पेटली नव्हती.

तेव्हापासून कागद हातात आला की मी आधी वंशावळ काढते. ‘ब्रदर-इन-लॉ’ म्हणणारी बाई असेल तर तो दीर असू शकतो, पुरुष असेल तर मेहुणा किंवा साडू, आणि बहिणीचा नवरा असेल तर दोघांचेही भावोजी. मूळ कागदात उलगडा होत नसेल तर पक्षकाराला विचारा, अंदाजाने लिहू नका. ‘कझिन’ तर आणखी नाजूक. चार्ल्स डार्विनने १८३९ मध्ये लग्न केलं ती एमा वेजवुड त्याची ‘कझिन’. तिला चुलत बहीण केलंत तर मराठी वाचक हबकेल. ती त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. मामेबहीण म्हटलं की आपल्याकडे कित्येक घरांत कुणी भुवईही उचलणार नाही.

नात्यांचे शब्द मराठीतच जास्त, असं मात्र समजू नका. ‘हाफ-ब्रदर’ आणि ‘स्टेप-ब्रदर’ दोघांनाही आपण सावत्र भाऊ म्हणून मोकळे होतो. पहिल्याशी आई किंवा बाप सामाईक असतो, दुसऱ्याशी रक्ताचं नातंच नसतं. वारसाहक्कात हा फरक फार महागात पडतो, म्हणून मी सरळ ‘बाप एक, आया वेगळ्या’ असं फोडून लिहिते.

‘सेक्स’चं काय करायचं? फॉर्मवर लिंग. जनगणनेत लिंग गुणोत्तर. २०११ साली महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तो आकडा. ‘जेंडर’ला लिंगभाव, पण व्याकरणात परत लिंगच. जुन्या पत्रव्यवहारात ‘कमर्शियल इंटरकोर्स’ दिसलं तर दचकू नका, तो व्यापार असतो.

खरी फजिती प्रश्नावलीत झाली. ‘सेक्शुअली ॲक्टिव्ह’चं मी ‘लैंगिकदृष्ट्या सक्रिय’ केलं. गावातल्या आशाताईंनी ते वाचून विचारलं, “म्हणजे कुठल्या मंडळात असतात का?” त्या स्वतः ‘नवराबायकोचा संबंध येतो का’ असं विचारत होत्या. शब्द कळत होते, पण बिनलग्नाची आणि विधवा बाई त्यातून आपोआप गळत होती. शेवटी आम्ही दोघींनी बसून ठरवलं: ‘गेल्या सहा महिन्यांत कुणाशी शरीरसंबंध आला होता का?’ हा प्रश्न सासूसमोर विचारायचा नाही, हे आशाताईंनी समासात पेन्सिलीने लिहिलं.