लाँग स्नॅपर व्हायचंय? मग या चुका टाळा

वाकून, दोन पायांमधून चेंडू मागे फेकायचा, एवढंच तर काम! टेक्सासमध्ये शाळकरी मुलांना अमेरिकन फुटबॉलमधलं लाँग स्नॅपिंग, म्हणजे किकसाठी चेंडू लांब मागे फेकणं, शिकवताना हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकतो. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, ३२ संघ आहेत आणि प्रत्येकाच्या ५३ जणांच्या चमूत लाँग स्नॅपर बहुधा एकच. पॅट मॅनेली शिकागो बेअर्सकडून १६ हंगाम खेळला. अशी पक्की माणसं जागा सहजासहजी सोडत नाहीत, त्यामुळे नवख्याला चुका करायला फारशी सवड मिळत नाही.

सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक म्हणजे स्टॉपवॉचचं वेड. पंटर, म्हणजे चेंडू हातातून सोडून लाथेने दूर उडवणारा खेळाडू, साधारण १५ यार्ड मागे उभा असतो आणि चेंडू पाऊण सेकंदाच्या आसपास त्याच्या हातात पडावा लागतो. पोरं हा आकडा कुठेतरी वाचतात आणि त्याहून कमी वेळ गाठायच्या नादाला लागतात. ताकद लावताना ढुंगण वर उडतं, हात लवकर सुटतात आणि चेंडू पंटरच्या डोक्यावरून जातो. तो किती वेगात गेला, हे मग कुणीही विचारत नाही. माझ्याकडे नवीन मुलाचं घड्याळ आधी बॅगेत जातं. भिंतीवर पंटरच्या कमरेच्या उंचीला, उजव्या बाजूला, चिकटपट्टीचा चौकोन करायचा आणि तो सलग दहा वेळा लागेपर्यंत वेगाचं नावही काढायचं नाही. कंटाळून दुसऱ्याच आठवड्यात गायब होणारी मुलं असतात. त्यांना मी थांबवत नाही.

दुसरी चूक मुलांइतकीच संघांचीही: स्नॅप हे एकट्याचं कसब समजणं. फील्ड गोलला, म्हणजे चेंडू लाथेने गोलच्या खांबांमधून मारायचा असतो तेव्हा, तो जमिनीवर धरून ठेवणारा होल्डर सात-आठ यार्डांवर गुडघा टेकून बसतो. चेंडू त्याच्या हातात येताना लेस, म्हणजे चेंडूवरची दोरीची शिवण, लाथ मारणाऱ्या किकरच्या विरुद्ध बाजूला हव्यात. स्नॅप ते किक सगळं मिळून साधारण १.३ सेकंद, त्यात चेंडू फिरवत बसायला वेळ कुठला? लेस उलट्या येत असतील तर मनगटाची झटक बदलू नका. होल्डरला वीतभर पुढे-मागे बसवा किंवा सुरुवातीची पकड किंचित फिरवा. हे जमायला त्याच होल्डरबरोबर, त्याच किकरबरोबर रोज सराव लागतो.

न्यूयॉर्क जायंट्सनी याची किंमत मोजली. ५ जानेवारी २००३, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये प्लेऑफचा सामना. ३८-१४ अशी आघाडी घालवून जायंट्स ३८-३९ असे मागे पडले होते. सहा सेकंद उरलेले, ४१ यार्डांचा फील्ड गोल. स्नॅपर ट्रे जंकिन, वय ४१, गाठीशी १९ हंगाम, पण त्याच आठवड्यात निवृत्तीतून परत बोलावलेला. स्नॅप खाली गेला, होल्डर मॅट ॲलनला चेंडू बसवताच आला नाही आणि किक झालीच नाही. सगळा दोष जंकिनच्या माथी मारला गेला, तो मला आजही पटत नाही. काही दिवसांत तिघांचा मेळ बसेल असं ज्यांनी गृहीत धरलं, त्यांना कुणी जाब विचारला?

राखीव स्नॅपर तयार न ठेवणं हीदेखील चूकच. २०१२च्या सलामीला ओकलंड रेडर्सचा जॉन काँडो जखमी झाला, बचावफळीतल्या लाइनबॅकर ट्रॅव्हिस गोथेलला स्नॅप करावे लागले आणि चेंडू जमिनीवर आपटत पंटर शेन लेक्लरकडे जाऊ लागले. रेडर्स २२-१४ने हरले.

ड्राफ्टची, म्हणजे संघ कॉलेजमधले खेळाडू फेरीफेरीने निवडतात त्याची, वाट पाहत बसू नका. नेव्हीचा (अमेरिकी नौदल अकादमीच्या संघाचा) जो कार्डोना २०१५ साली पाचव्या फेरीत निवडला गेला, पण बहुतेक स्नॅपर ड्राफ्टबाहेरूनच येतात.

किकच्या वेळी बचावपटूला स्नॅपरच्या थेट समोर उभं राहता येत नाही, म्हणून ब्लॉकिंगचा सराव टाळणारेही पुष्कळ. बाजूच्या फटीतून तो घुसतोच. शिवाय पंटनंतर धावत जाऊन टॅकलही करायचा असतो, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडायचं असतं.

आणि कोरड्या चेंडूवरच सराव करू नका. बादलीभर पाणी शेजारी ठेवा, दर तिसरा चेंडू बुडवून घ्या.