पोरांचं पोर्ट्रेट पेस्टलमध्ये करायचंय? मग सामान असं घ्या

पहिली गोष्ट, शाळेतले ते तेलकट ऑइल पेस्टल नकोत, सॉफ्ट पेस्टल घ्या, म्हणजे खडूसारख्या, पावडर सुटणाऱ्या रंगकांड्या. लहान मुलांचे गाल कसे मऊ, कडा कुठेच नाहीत, ते बोटाने पुसून जमतं. शंभर रंगांचा बॉक्स लागत नाही, २४ पुरे. पण तयार ‘स्किन कलर’ची कांडी असते ना, तिच्या नादी लागू नका, आपली पोरं दिवसभर समुद्रावर उन्हात, त्यांचा रंग यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), थोडा लाल आणि सावलीत हिरवट-निळा असा थरावर थर देऊनच येतो. डोळे, पापण्यांना पेस्टल पेन्सिल, जाड कांडीने डोळा केलात तर बाळ घाबरल्यासारखं दिसतं (अनुभव आहे).

खरा खर्च कागदावर करा. गुळगुळीत कार्डशीटवर पावडर टिकतच नाही. कॅन्सन कंपनीचा मी-तांत कागद, १६० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाचा) घ्या, राखाडी नाहीतर तपकिरी, म्हणजे मधला टोन फुकटात मिळतो. त्याची एक बाजू जाळीदार असते, चेहऱ्यासाठी दुसरी, बारीक पोताची बाजू वापरा, नाहीतर गालावर जाळी उमटते.

आता आपल्या कोकणातली अडचण, दमट हवा. रत्नागिरीत पावसाळ्यात कागद सादळतो, बुरशी धरते, म्हणून कोरे कागद सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात. फिक्सेटिव्ह (पावडर कागदावर धरून ठेवणारा स्प्रे) हलक्या हातानेच मारा, उजळ रंग काळपटतात. फ्रेमची काच चित्राला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच.

आणि टेबलावर सांडलेली पेस्टलची धूळ फुंकू नका हो, ओल्या फडक्याने टिपा.